विश्रांती लिहून दिली, पण कधीपर्यंत?

बाबा घरात घसरल्यापासून खुर्ची सोडत नाहीत, जेवणावर वासना नाही आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमची आईच डोळ्यांसमोर आली. आम्हीही नाशिकचेच, पंचवटीत राहतो.

आईचा पाय मुरगळला होता, हाड शाबूत होतं. एका मोठ्या दवाखान्यात लिहून दिलं, 'पूर्ण विश्रांती, जिने बंद, वजन उचलू नये.' कधीपर्यंत, ते लिहिलंच नाही. दर खेपेला नवा डॉक्टर, तो जुना कागद बघून तेच पुढे चालू ठेवणार. पाय केव्हाच बरा झाला, विश्रांती काही संपेना. साडी पिळायला घेतली की निम्मं पाणी आतच राहायचं, दोरीखाली तळं. मग तिने धुणं सोडलं, पाठोपाठ भजन, मग बोलणंही. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर म्हणाले, 'त्यांना रोज फिरवा.' खालचा कागद त्यांनी उघडलाही नव्हता. झोपेची गोळी तेवढी वाढली आणि सकाळी तोल जायला लागला. तुम्ही विश्रांतीची तारीख लिहूनच घ्या, काउंटरवर कितीही तोंडं वाकडी होवोत.

मी डॉक्टर नाही. पण ताकद गेली की मन खचतं आणि खचलेला माणूस हलत नाही म्हणून ताकद आणखी जाते. दोन्हींतलं आधी काय झालं याचा कीस पाडू नका.

नुसत्या फेऱ्यांनी भागत नाही, हे माझं ठाम मत. कृषीनगरच्या ट्रॅकवर नियमाने चालणारे कितीतरी जण बाकावरून हात टेकूनच उठतात. हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर फिजिओथेरपिस्ट गाठा. मुठीची पकडही मोजून घ्या. स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषात पुरुषांची 28 किलोखाली, बायकांची 18 किलोखाली म्हणजे कमी. 2018 मध्ये 33 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात वजन उचलण्यासारख्या ताकदीच्या व्यायामाने उदासी कमी झालेली दिसली. त्यात तरुणही होते, तेव्हा हमी देत नाही. आईला मात्र खुर्चीची उठबस आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं मानवलं.

बी-12, डी आणि थायरॉईड तपासलं असेलच. रात्री चहा-खारीवर भागवत असतील तर तेही थांबवा, वरण-अंडं काहीतरी पोटात जाऊ द्या. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि 'आता जगून काय करू' असं काही बोलले, तर व्यायामाचं नंतर बघा, आधी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.