एकच मोबाईल असलेल्या वर्गात खेळ आणि तंत्रज्ञान वापरून शिकवता येतं का?

तुम्ही विचारलंय, जिल्हा परिषदेची शाळा, पस्तीस-चाळीस मुलं, मोबाईल फक्त शिक्षकाचा आणि विजेचा भरवसा नाही, तर खेळातून शिकवायचं कसं?

मी बीड जिल्ह्यात चौथीला शिकवते. आमच्याकडे लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे, पण त्यापुढे लेकरं नुसती बघत बसतात. पाच जणांत एक टॅब दिला की जो धीट असतो तोच बोट लावतो. म्हणून मी प्लिकर्स नावाचं ॲप वापरते.

यात मुलाच्या हातात फक्त कागदाचं कार्ड असतं. त्यावर काळी नक्षी आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. प्रत्येक मुलाच्या कार्डाचा नंबर आणि नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारचं बघून उपयोग नाही. 40 कार्डांचा संच त्यांच्या वेबसाईटवरून फुकट उतरवून छापता येतो. थोडं नेट लागतं. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवा.

मागच्या वर्षी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तोंडी विचारलं असतं तर पुढचे दोघं-तिघं बरोबर ओरडले असते आणि वर्गाला समजलं असं मी धरून चालले असते. कार्डांनी दाखवलं, निम्म्याहून जास्त लेकरांना एक चतुर्थांश मोठा वाटत होता, कारण तीनापेक्षा चार मोठे! मी उत्तर सांगितलं नाही. डब्यातल्या दोन सारख्या भाकरी काढल्या, एकीचे तीन वाटे केले, दुसरीचे चार. "भूक लागलीय, कुठला वाटा घेशील?" मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी कार्डं फिरवताना हात थांबत होते, लेकरं विचार करत होती.

कहूट या प्रश्नमंजुषेच्या ॲपमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. एवढ्या लहान वयात मला ते पटत नाही.

पडदा नसला तरी अडत नाही. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते, आणि त्यांचं आपेगाव पैठणजवळच, आपल्याच मराठवाड्यात. आम्ही अंगणात खडूनं 100 घरं आखतो. फासा पडला की आधी कुठल्या घरात जाणार ते सांगायचं, मगच पाऊल टाकायचं. घरं मोजत जायचं नाही.

दिवाळीच्या सुमारास काही लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांचा कार्ड नंबर मी दुसऱ्या कुणाला देत नाही. परत आल्यावर सगळ्या वर्गाबरोबर त्यांनाही मागचे पाच प्रश्न विचारते. काय राहून गेलंय ते फक्त माझ्या फोनवर दिसतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथूनच सुरू करते.