मुलीसाठी विज्ञान प्रयोगांचं किट घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी सहावीत आहे, ऑनलाइन ‘१०० प्रयोग’ लिहिलेली दोन-अडीच हजारांची किटं दिसतात, त्यातलं एखादं घ्यावं की चार दिवसांत ते माळ्यावर जाईल. मी नागपुरातल्या एका शाळेत २७ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. निवृत्तीनंतर दर रविवारी मानेवाड्यातल्या आमच्या गॅलरीत गल्लीतली सात-आठ मुलं जमवून प्रयोग करतो. त्या अनुभवावरून सांगतो.

किट जरूर घ्या. फक्त खोकं उघडल्यावर त्यातली पुस्तिका आधी तुमच्याकडे ठेवा. पुस्तिकेत काय होणार ते चित्रासकट छापलेलं असतं. मूल ते वाचतं, तसंच करतं, दिवा लागला की टाळ्या वाजवतं आणि नाही लागला की ‘किट खराब आहे’ म्हणून मोकळं होतं. मुलीच्या हातात सामान द्या, ‘काय होईल असं वाटतं?’ एवढंच विचारा आणि तिचा अंदाज वहीत लिहायला लावा. प्रयोग त्यानंतर. अंदाज लिहिलेला असला की तो चुकला तरी मूल उठून जात नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बसतं.

गेल्या मे महिन्यातलं सांगतो. गॅलरीत सावलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन थर्मामीटर टांगले. प्रयोगशाळेत असतात तसे, लाल स्पिरिटचे. एकाच्या खालच्या फुगीर टोकाला, म्हणजे फुग्याला, जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि चिंधीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. मुलांना विचारलं, ओल्या चिंधीचा किती दाखवेल? बहुतेकांनी दोन-तीन डिग्री कमी लिहिलं. एकाने तर ‘जास्त’ लिहिलं, कारण बाटलीतलं पाणी उन्हाने गरम झालेलं होतं आणि त्याने बोट बुडवून पाहिलं होतं. अर्ध्या तासाने पाहिलं तर कोरडा ४३ आणि ओला २४. एकोणीस डिग्रींचा फरक! मुलं गप्पच झाली. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, हा थर्मामीटर खराब हाये.”

मला त्या वाक्याचा फार आनंद झाला. मी तिला काहीच समजावलं नाही, चिंधी सोडून तिच्या हातात दिली. तिने ती दुसऱ्या थर्मामीटरला बांधली. थोड्या वेळाने दुसरा २४ वर उतरला आणि ‘खराब’ थर्मामीटर ४३ वर चढला. यंत्रावर संशय घ्यायचा आणि तो संशय स्वतःच तपासायचा, हे ती त्या दुपारी शिकली. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, ती चिंधीतून आणि फुग्यातून घेतली जाते, हवा कोरडी असली की वाफ भराभर होते, हे सगळं त्यानंतर सांगितलं. त्यांनीच विचारलं होतं, त्यामुळे लक्ष देऊन ऐकलं. आमच्याकडे प्रत्येक घराच्या खिडकीला हेच तत्त्व लोखंडी पेटीत बसवून लावलेलं असतं, आपण त्याला कूलर म्हणतो.

खरी गंमत जुलैत आली. तेच थर्मामीटर, तीच चिंधी. कोरडा २९, ओला २७. पाऊस सुरू झाला की कूलरची हवा अंगाला चिपचिप का लागते, ते दोन आकड्यांत समोर आलं. हवेत आधीच एवढी वाफ असते की चिंधीतलं पाणी फारसं उडत नाही. हा प्रयोग कुठल्याही खोक्यात मिळणार नाही, कारण खोकं बनवणाऱ्याला नागपूरचा मे आणि नागपूरचा जुलै माहीत नसतो. एक मात्र लक्षात ठेवा, तापाचा थर्मामीटर यासाठी वापरू नका. तो ४२ पर्यंतच असतो, आमच्या दुपारीच त्याची मर्यादा संपते आणि तो तडकू शकतो. पाऱ्याचा तर घरात नकोच.

माझ्या शाळेतली एक गोष्ट अजून मनाला लागते. एका वर्षी सुंदर किट आलं होतं, भिंगं, नालचुंबक, लोलक, सगळं फोममध्ये बसवलेलं. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद झाली आणि किट कपाटात गेलं. काही फुटलं तर भरून कोण देणार, म्हणून किल्ली ऑफिसात. तपासणीच्या दिवशी ते टेबलावर मांडलं जायचं, मी धूळ पुसायचो, संध्याकाळी परत आत. सहा वर्षांनी कपाट आवरायला घेतलं तेव्हा चुंबक गंजले होते आणि रबरी नळ्या हाताला चिकटत होत्या. त्या सहा वर्षांत आठवीच्या किती मुलांनी भिंगातून कागद जळताना पाहिला नाही, याचा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या घरी महागड्या किटचं हेच होऊ शकतं. ‘सांभाळून हं, फार पैशाचं आहे’ असं चार वेळा ऐकलं की मूल हात लावायचं सोडून देतं. म्हणून फुटलं तरी तुमचा जीव खालीवर होणार नाही, इतक्याच किमतीचं घ्या.

किट कपाटात न ठेवता मुलांच्या हातात देताही येतं, आणि ते आपल्यापासून फार लांब झालेलं नाही. नागपूरहून भोपाळच्या गाडीने इटारसी ओलांडलं की होशंगाबाद येतं, आता त्याचं नाव नर्मदापुरम झालं आहे. तिथल्या जिल्ह्यात १९७२ साली १६ सरकारी शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. गावातल्या मुलांच्या हातात किट आणि परीक्षेला पुस्तक उघडं, सोबत प्रात्यक्षिकाची परीक्षा. तो २००२ पर्यंत, ३० वर्षं चालला. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्यातल्या कारखान्यातून रजा घेऊन तिथेच गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून आकार करायचे, ही त्यांची प्रसिद्ध कल्पना तिथल्याच दिवसांतली. चौकोन करा, बोटाने ढकलला की लवंडतो. त्रिकोण करा, हलत नाही. मग पुलाच्या आणि टॉवरच्या लोखंडात त्रिकोणच त्रिकोण का, ते मूल रस्त्याने जाताना स्वतः शोधतं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकं फुकट आहेत. खरेदीच्या आधी ती चाळा.

आता सेलवर फिरणाऱ्या छोट्या मोटारीबद्दल, कारण सहावी-सातवीच्या मुलांचा हा सगळ्यात लाडका प्रयोग. एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टी पिना, एक छोटं चकतीसारखं चुंबक आणि तांब्याच्या वाइंडिंग तारेचे दहा-बारा वेढे. ही तार विकत घेऊ नका. उन्हाळ्यात कूलरचे पंप जळतात, तेव्हा मोटार वाइंडिंगच्या दुकानाबाहेर जुन्या तारेचा ढीग पडलेला असतो. दोन मीटर मागा, बहुतेक जण पैसेही घेत नाहीत. दहापैकी आठ मुलांची मोटार पहिल्यांदा फिरत नाही, आणि कारण ठरलेलं असतं. तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा थर असतो. एका टोकाचा तो चहूबाजूंनी खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं अर्धा फेरा पुढे ओढलं जातं आणि पुढच्या अर्ध्यात मागे, मग जागच्या जागी थरथरत राहतं. हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून मुलीला लगेच सांगू नका. तिला थरथर नीट पाहू द्या. आमच्याकडे एका मुलाने तीन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी वेटोळं सुटलं तेव्हा तो “फिरली, फिरली!” ओरडत जिन्यावरून खाली धावला, आणि जिना चढून त्याची आजी वर आली ते पाहायला.

किट निवडताना एवढं पाहा: भिंग, तार, सेलचा होल्डर, छोटे बल्ब, ड्रॉपर, मोजपात्र असं पुन्हा पुन्हा वापरता येणारं सामान किती आणि एकदा ओतून संपणाऱ्या पुड्या किती. पुड्या जास्त असतील तर राहू द्या. रंग बदलायचे प्रयोग स्वयंपाकघरातल्या हळदीवर होतात. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की लाल, वरून लिंबू पिळलं की परत पिवळं. आमच्या संत्र्याचंही तसंच. सालीसकट पाण्यात टाकलं तर तरंगतं, सोलून टाकलं तर बुडतं, आणि वजन तर कमी झालेलं असतं! मुलं यावर अर्धा तास भांडतात.

घरात लहान भावंड असेल तर बटण सेल आणि छोटी जोरकस चुंबकं कुलपात ठेवा. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याची घडी मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. यात उशीर जीवावर बेततो, थेट दवाखाना गाठायचा. आणि भिंतीतल्या प्लगला कुठलाच प्रयोग जोडायचा नाही.

नागपुरात येणं झालं तर गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात पूर्ण दिवस काढा. हिवाळ्यातला अपूर्व विज्ञान मेळावा जमला तर नक्की पाहा. महापालिकेच्या शाळांतली मुलं त्या मेळाव्यात साध्या वस्तूंचे प्रयोग स्वतः करून समजावतात. तुमच्या मुलीला मोठ्यांपेक्षा तिच्याच वयाच्या मुलीने सांगितलेलं जास्त कळेल.

तोवर दोन थर्मामीटर आणि एक चिंधी घेऊन सुरुवात करा. तुमच्या गावचे आकडे आमच्यापेक्षा वेगळे येतील. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात घ्या, दोन्ही वेळचे अंदाज आणि आकडे मुलीला वहीच्या एकाच पानावर लिहायला सांगा. जमलं तर ते आकडे इथेच खाली लिहा, माझ्या रविवारच्या मुलांना दाखवीन.