आजीचं केलं तेव्हा चाललं, मग आता?

पाचपाखाडीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आजारी म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवणारी ब्यूरो काढायची म्हणते. ‘लोकांचं गू-मूत काढायला शिकवलं का हिला? म्हातारी माणसं अशी किती असणार? तुम्हीच समजवा, एमबीएकडे वळवा,’ असं ते लिहितात.

तुमच्या पत्राचं दुसरं पान मी पुन्हा वाचलं. तुमच्या आई दीड वर्ष अंथरुणावर होत्या. माकडहाडापाशी कातडी लाल झालेली लेकीला आधी दिसली. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी ती आजीची कूस बदलायची, पाठीशी उशी लावायची. शेवटपर्यंत जखम होऊ दिली नाही. किती अभिमानानं लिहिलंय तुम्ही हे! तेव्हा हे काम हलकं नव्हतं. आता ती त्याचे पैसे घेणार म्हटल्यावर लाज वाटते? परीक्षा तोंडावर असलेल्या पोरीवर ते सगळं टाकताना एखादी पगारी बाई ठेवावी, असं का सुचलं नाही? मला तिच्या मार्कांपेक्षा याची काळजी वाटते.

राहिला तुमचा प्रश्न. साठीपुढची माणसं 2011च्या जनगणनेतच देशात दहा कोटींवर होती. एमबीएची सीईटी पदवीनंतर कधीही देता येते.

गैरसमज आहे तो मुलीचा. जिव्हाळा असला की हा व्यवसाय जमतो, असं तिला वाटतं. पण मालकिणीला पेशंटपाशी बसायला वेळच मिळत नाही. सकाळी साडेसहाला घोडबंदर रोडवरून फोन येतो, ‘मावशी आल्या नाहीत.’ रात्रपाळीची बाई निघायच्या घाईत, सुनेची लोकल चुकणार. तासाभरात बदली द्यायची. गणपतीत बायका गावाला जातात आणि घरच्यांनाही नेमकं तेव्हाच कोकणात जायचं असतं. घरच्यांनी पैसे वीस तारखेला दिले तरी बायकांचा पगार सातला झालाच पाहिजे. इंजेक्शन, कॅथेटर हे नोंदणीकृत नर्सचं काम. पैसे वाचवायला घरचे ते मावशीच्या गळ्यात घालतात. तिथे ठाम नाही म्हणता आलं पाहिजे, गिऱ्हाईक गेलं तरी.

म्हणून लगेच भांडवल देऊ नका. आधी जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांची रोजची सेवा शिकवणारा कोर्स, मग वर्षभर दुसऱ्याच्या ब्यूरोत ड्यूट्या लावायचं काम करू दे. त्यानंतरही तिला हेच हवं असेल, तर आडवे येऊ नका.

आणि त्या दीड वर्षात तिला रात्री झोप किती मिळायची, ते तिला विचारा. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही.