अपलिंक तुटल्यावर राउटरचं फॉरवर्डिंग टेबल लवकर अपडेट कसं करायचं?

सोलापुरात छोटी आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी), पुण्याची अपलिंक, म्हणजे वरच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन, गेली की हैदराबादची चालू असूनही गिऱ्हाइकांचं नेट मिनिटभर ठप्प, असा तुमचा प्रश्न. बीजीपीला (नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) दुसरा मार्ग सापडायला फारसा वेळ लागत नाही. बहुतेकदा अडतं ते फॉरवर्डिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठे धाडायचं याची यादी) राउटरच्या चिपमध्ये लिहिताना. आयपीव्ही४चं पूर्ण टेबल, म्हणजे साऱ्या इंटरनेटच्या मार्गांची यादी, 9 लाख रूट्सच्या वर गेलंय. प्रत्येक रूटपुढे नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) वेगळा लिहिलेला असेल, तर लिंक गेल्यावर त्या साऱ्या नोंदी एकेक करून बदलत बसायचं.

यावर उतारा म्हणजे हायरार्किकल फिब, म्हणजे थरांत मांडलेलं फॉरवर्डिंग टेबल. त्यात लाखो रूट्स एकाच सामाईक नेक्स्ट हॉपकडे बोट दाखवतात. तेवढी एक नोंद फिरवली की सगळे वळले. त्यावर बीजीपी पीआयसी (प्रीफिक्स इंडिपेंडंट कन्व्हर्जन्स, राउटरमधली एक सोय) चालू केलं, की पर्यायी मार्ग आधीच चिपमध्ये भरून ठेवलेला असतो. जुन्या बॉक्समध्ये हे असेलच असं नाही, घेण्याआधी विचारा.

चिपमध्ये टीकॅम (टेबल झटपट शोधणारी खास मेमरी) असेल तर आणखी एक भानगड: लांब प्रीफिक्स (रूटमधला पत्त्याचा सुरुवातीचा भाग) वर ठेवावा लागतो, म्हणून नवीन नोंद घुसवताना जुन्या सरकवाव्या लागतात. ते मात्र फर्मवेअरच्या हातात.

खरं सांगू? दोनच अपलिंक असतील तर पूर्ण टेबल घेताच कशाला! दोन्हीकडून डीफॉल्ट रूट (सगळ्या पत्त्यांसाठी एकच मार्ग) घ्या, बीएफडी (लिंक तुटल्याचं झटकन ओळखणारी पद्धत) लावा.