वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर बदलण्यापूर्वी

प्रश्न : माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज-बेंझ ३०० डी आहे. वडील आखातातील नोकरी संपवून परतले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली होती. गेल्या वर्षभरापासून दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का देते. एका मेकॅनिकचे म्हणणे असे की गिअरबॉक्समधील फिल्टर चोंदला असून तो बदलताच धक्का थांबेल. दुसऱ्यांनी बजावले आहे की इतक्या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलू नये, बदलले की तो कायमचा बसतो. कोणाचे ऐकावे? आणि हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फिल्टर अवश्य बदलावा, मात्र धक्का जाईल या आशेने बदलू नये. फिल्टर चोंदला की गिअरबॉक्समधील पंपाला पुरेसे तेल मिळत नाही, तेलाचा दाब कमी पडतो आणि मग गाडी ‘डी’मध्ये (पुढे जाण्याच्या स्थितीत) टाकल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, चढावर इंजिन ओरडते पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. आपली तक्रार नेमकी याच्या उलट, म्हणजे दाब जास्त असल्याची आहे. या गिअरबॉक्सला इंजिनावर किती भार आहे हे व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून निर्माण केलेल्या पोकळीच्या, बारीक नळीवाटे कळते. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम आपोआप तयार होतो, डिझेलमध्ये तो होत नाही, म्हणून या गाडीत त्यासाठी वेगळा पंप बसवलेला आहे. तेथून निघालेली नळी गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या मॉड्युलेटर नावाच्या डबीला मिळते. चाळीस वर्षांत या नळीच्या टोकाचे रबरी सांधे तडकतात, व्हॅक्यूम गळतो, गिअरबॉक्सला वाटते की गाडी पूर्ण भाराने चालली आहे आणि तो दाब वाढवून जोरात गिअर टाकतो.

तेव्हा आधी मॉड्युलेटरवरची नळी उपसून पाहावी. ती कोरडी असेल तर सांधे बदलून गाडी चालवून बघावी. नळीच्या आत लाल तेलाचा ओलावा दिसला, तर डबीतील पडदा फाटला आहे असे समजावे. अशा वेळी व्हॅक्यूम पंप गिअरबॉक्सचे तेल ओढून इंजिनात पाठवत राहतो, खाली जमिनीवर एक थेंबही पडत नाही आणि तेल मात्र सारखे कमी होत जाते.

आता ‘गिअरबॉक्स बसतो’ या समजुतीविषयी. बहुतेक लोक तेल बदलण्याचा विचारच मुळी गाडी घसरू लागल्यावर करतात. तोवर आतील क्लच प्लेटी जळून गेलेल्या असतात, आणि पुढे जे व्हायचे ते होते तेव्हा खापर नव्या तेलावर फुटते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवरचा (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवरचा) थेंब पांढऱ्या कागदावर टेकवावा. तो लालसर किंवा तपकिरी असेल आणि त्याला जळका वास नसेल तर निर्धास्तपणे काम सुरू करावे. तो काळा असून करपलेल्या फोडणीसारखा वास मारत असेल, तर फिल्टरवर खर्च करण्याआधी गिअरबॉक्स उघडणाऱ्या जाणकाराला गाडी दाखवावी.

काम घरी करता येते. गाडी सपाट जागी घेऊन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, पक्की टेकवावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याच्या, खालचा बोल्ट काढून तेल परातीत उतरवावे. आपल्या गाडीची खरी सोय पुढेच आहे : टॉर्क कन्व्हर्टरलाही (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागालाही) तेल काढण्याचा स्वतंत्र बोल्ट दिलेला आहे. इंजिनाच्या पुढच्या टोकाचा मोठा नट पान्याने सावकाश फिरवला की हा बोल्ट खालच्या छिद्रासमोर येतो आणि ५ मिलिमीटरच्या एलन कीने निघतो. हे टाळले तर जवळपास निम्मे जुने तेल आतच राहते. दोन्ही बोल्टांचे वायसर नवे घालावेत.

चेंबरचे सहा बोल्ट काढून तो खाली घेतल्यावर लगेच पुसायला घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तळाशी करड्या रंगाचा मऊ, बोटाला शिशपेन्सिलीसारखा लागणारा गाळ असेल तर ती क्लचची नेहमीची झीज असते. सोनेरी चकाकी दिसली तर पितळी बुशांकडे संशय वळवावा, आणि बोटाला टोचणारे लोखंडी कण मिळाले तर नवा फिल्टर बसवून काहीही साधणार नाही. गिअरबॉक्सच्या तब्येतीविषयी ही परात आणि हा चेंबर जे सांगतात, ते गाडी चालवून कळत नाही.

फिल्टर तीन स्क्रूंवर असतो. तो धुऊन परत वापरण्याजोगा नाही. चेंबर पुसताना जुनी बनियन वापरू नये, कारण तिचा एखादा धागाही व्हॉल्व्ह अडकवायला पुरेसा होतो. नवे पॅकिंग कोरडेच बसवावे, सिलिकॉन अजिबात लावू नये. चेंबरचे बोल्ट ८ न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे असतात, म्हणजे मनगटाच्या जोराने. हौसेने जास्त पिळले की पत्र्याची कड वाकते, ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि गळती आयुष्यभर पाठ सोडत नाही.

तेल डेक्सरॉन या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीच्या प्रतीचेच घ्यावे. गिअरबॉक्सवर ठोकलेला क्रमांक ७२२.३ ने सुरू होत असेल तर साधारण ६.२ लिटर लागते, ७२२.४ असेल तर ५.५ लिटर. आधी ४ लिटर ओतून इंजिन ‘पी’मध्ये (पार्किंगच्या स्थितीत) सुरू करावे आणि उरलेले चालू इंजिनावर थोडे थोडे घालावे. मग ब्रेक दाबून सर्व गिअरांतून लिव्हर एकदा फिरवावा. पातळीचा अंतिम निर्णय मात्र गाडी वीसेक किलोमीटर चालवून, तेल ८० अंशांच्या आसपास तापल्यावर आणि इंजिन चालू असतानाच घ्यावा. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये केवळ ०.३ लिटरचे अंतर आहे. गार तेलाची पातळी खालच्या खुणेच्याही खाली दिसते आणि ते योग्यच असते. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा हेच न कळून वर अर्धा लिटर ओतले. तेल तापून फेसाळले, गिअर घसरू लागले, आणि जादा तेल डिपस्टिकच्या नळीतून पिचकारीने ओढून काढण्यात रविवार गेला.

प्रश्न : माझ्या १९७२ सालच्या शेव्हरले इम्पालाच्या गिअरबॉक्स चेंबरला तेल काढायचा बोल्टच नाही. मग तेल उतरवायचे कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या गाडीत टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असावा, त्याच्या चेंबरला तेरा बोल्ट असतात. पुढचे बोल्ट थोडे ढिले करून मागचे काढावेत, म्हणजे चेंबर मागच्या बाजूने झुकतो आणि तेल एका कडेने पडते. परात मोठी घ्यावी आणि इंजिन गरम असताना हे करू नये, हात भाजतो. यात एकूण तेलापैकी जेमतेम एक तृतीयांश निघते, कारण कन्व्हर्टरला बोल्ट नाही. त्यामुळे दोनतीनशे किलोमीटर चालवून तेल पुन्हा एकदा उतरवावे. फिल्टर पहिल्याच वेळी बदलावा, आणि चेंबर खाली आहेच तर एखाद्या वर्कशॉपमधून त्याला तेल काढायचा बोल्ट बसवून घ्यावा.