स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर गावाला पहिल्यांदा जाताय?

जरूर जा, फक्त आधी किल्ला, चीज नंतर. बहुतेक जण स्टेशनसमोरच्या चीज कारखान्यातच रमतात आणि टेकडी चढेपर्यंत दमून जातात.

किल्ला तेराव्या शतकातला. शेवटचा काउंट मिशेल कर्जात पार बुडाला, १५५४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मग फ्रिबुर्ग आणि बर्न या शहरांनी त्याची जहागीर वाटून घेतली. एवढं लक्षात ठेवून दालनं बघा, फार जिवंत वाटतात. लाल ढालीवरचा पांढरा क्रौंच दिसला की थांबा. ती काउंट घराण्याची खूण.

आणखी दोनच गोष्टी:
- गावात गाड्यांना बंदी आहे. दगडी फरसबंदीवर चालायचंय, बूट चांगले घाला.
- मेरँगवर (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजलेला कुरकुरीत गोड पदार्थ) घट्ट साय घेऊन खाल्ल्याशिवाय उतरू नका!