आधी कृपा, मग कामे : इव्हँजेलिकल विश्वासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्यांपासून सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत आहे. कॉलेजच्या प्रार्थना गटात मला विचारतात, ‘तू इव्हँजेलिकल आहेस का?’ हा वेगळा पंथ आहे का? त्यासाठी मंडळी सोडावी लागते का?

मंडळी सोडावी लागत नाही. इव्हँजेलिकल हा एक पंथ नव्हे, ती विश्वासाची एक ठरावीक बैठक आहे. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकॉस्टल अशा अनेक मंडळ्यांत ती मानणारे लोक आहेत. सी.एन.आय. स्वतःच १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेली आहे, त्यामुळे तिच्यातही या विश्वासाचे लोक पूर्वीपासून आहेत.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या बैठकीच्या चार खुणा सांगितल्या, त्या आजही उपयोगी पडतात. पवित्र शास्त्र हा अखेरचा अधिकार. ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे मरण हा विश्वासाचा गाभा. प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करून ख्रिस्ताकडे वळण्याची गरज. आणि हा विश्वास साक्ष व सेवा यांतून बाहेर दिसला पाहिजे ही धडपड. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरचे इव्हँजेलिकल पुढारी जमले आणि त्यांनी १५ कलमांचा करार मान्य केला. त्याच्या मसुदा समितीचे प्रमुख जॉन स्टॉट आयुष्यभर अँग्लिकन पाळक राहिले. ‘खरा विश्वासी व्हायचे तर जुनी मंडळी सोड’ असे कोणी म्हणाले, तर हे उदाहरण द्या.

प्रश्न : केवळ विश्वासाने तारण होते, तर चांगले वागायचे कशाला? याकोब तर लिहितो की कामांवाचून विश्वास निर्जीव आहे. मग पौल खरा की याकोब?

या प्रश्नाच्या उत्तरावर बाकी सगळे उभे आहे, म्हणून सावकाश पाहू.

सगळ्यांनी पाप केले आहे (रोम ३:२३), आणि पुण्याची शिल्लक वाढवून ते पुसता येत नाही. ख्रिस्ताने आपली शिक्षा स्वतःवर घेतली. त्याच्यावर जो भिस्त ठेवतो त्याला देव नीतिमान ठरवतो. हा न्यायालयातला निकाल आहे, चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. माणूस सुधारल्यावर निकाल लागत नाही. निकाल लागतो आणि मग सुधारणा सुरू होते. कॅथलिक शिकवणीशी मुख्य मतभेद इथेच आहे. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ठरवले की नीतिमान ठरण्यात माणसाचे अंतर्यामी नवे होणेही येते आणि चांगल्या कामांनी ही नीतिमत्ता वाढते. कॅथलिकही कृपेला आधी मानतात, हे विसरून त्यांच्याशी वाद घालू नये. पण निकाल आणि सुधारणा यांची सरमिसळ झाली की तारणाची खात्री डळमळते, हा आक्षेप आम्हाला आजही महत्त्वाचा वाटतो.

आता पौल आणि याकोब. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण दाखले वेगवेगळ्या वेळचे आहेत. पौल उत्पत्ति १५:६ घेतो : अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. तेव्हा इसहाकाचा जन्मही झाला नव्हता. याकोब उत्पत्ति २२ घेतो : त्याच इसहाकाला वेदीवर ठेवण्याची वेळ. मध्ये अनेक वर्षे गेली. पौल सांगतो निकाल कशाने लागला. याकोब सांगतो तो विश्वास खरा होता हे कशावरून दिसले. याकोबाचा रोख नुसत्या होकारावर आहे. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो लिहितो (२:१९). म्हणून विश्वासात तीन गोष्टी लागतात : सुवार्ता काय आहे हे कळणे, ती खरी आहे हे पटणे, आणि स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली करणे. पहिल्या दोन असून तिसरी नसेल, तर त्याला तारण देणारा विश्वास म्हणत नाहीत.

इफिस २:८-९ पाठ असलेले पुष्कळ भेटतात. दहावे वचन मात्र वगळले जाते. आठव्या-नवव्यात तारण कामांमुळे नाही असे आहे, दहाव्यात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो असे आहे. तिन्ही एका दमात वाचा.

व्यवहारात चूक दोन बाजूंनी होते. एक, ‘मी प्रार्थना केली, आता कसाही वागलो तरी चालेल.’ दुसरी जास्त आढळते आणि जास्त छळते : ‘दोन रविवार उपासनेला गेले नाही, म्हणून देवाने मुलाचा पेपर अवघड काढला.’ पहिल्या माणसाला रोम ६ (कृपा मिळाली म्हणून पापात राहायचे नाही) वाचायला द्या, दुसऱ्याला रोम ८:१ (ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही). उलट देऊ नका.

प्रश्न : मी ख्रिस्ती घरात जन्मले, लहानपणी बाप्तिस्मा झाला, दृढीकरणही (कन्फर्मेशन) झाले. ‘तुझा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला?’ असे विचारले की मला उत्तर देता येत नाही. माझे तारण झालेले नाही का?

तारीख नसणे हा दोष नाही. योहान ३ मध्ये येशू निकदेमाला नव्याने जन्मलेच पाहिजे असे सांगतो, तारीख लक्षात ठेवायला सांगत नाही. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, दिमिष्काच्या वाटेवर एका दिवसात पालटून टाकले गेले. तीमथ्याला मात्र बालपणापासून शास्त्र माहीत होते, आणि आजी लोईस व आई युनीके यांचाच विश्वास त्याच्यात आला (२ तीमथ्य १:५, ३:१५).

मात्र प्रश्न पूर्ण सोडूनही देऊ नका, कारण विधी झाला म्हणजे नवा जन्म झालाच असे आपण मानत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिले की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला. धर्मशास्त्राचा एवढा अभ्यास असलेल्या बाईने हे लिहून ठेवले आहे.

मग ओळखायचे कसे? योहानाचे पहिले पत्र पाच अध्यायांचे आहे, एका बैठकीत वाचून होते. हे प्रश्न हातात घेऊन ते वाचा : येशू हा देवाचा पुत्र देहाने आला यावर माझा भरवसा आहे का? पाप झाले की मी ते झाकते की कबूल करते (१:९)? विश्वासी भावंडांवर माझी प्रीती आहे का? उत्तर ‘पूर्ण नाही, पण आहे’ असे आले तर घाबरू नका. ‘अजिबात नाही’ असे आले, तर आजच देवाशी बोला. त्यासाठी ठरलेले शब्द नाहीत. सभेत ‘माझ्यामागून म्हणा’ म्हणून घेतलेली प्रार्थना उपयोगी पडू शकते, पण ती मंत्र नाही. शब्द बरोबर म्हटले गेले म्हणून कोणाला तारणाची हमी देणे ही सभांमधली मोठी चूक आहे. त्या हमीवर माणूस वर्षानुवर्षे निर्धास्त राहतो.

प्रश्न : लहानपणी पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा चालतो का? पुन्हा बुडून घ्यायचा असेल तर काय तयारी लागते?

यावर इव्हँजेलिकल लोकांत एकमत नाही. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास ठेवलेल्यालाच, बुडवून बाप्तिस्मा देतात. अँग्लिकन, मेथडिस्ट व प्रेस्बिटेरियन परंपरेत विश्वासी आईबापांच्या बाळालाही देतात आणि तो पुन्हा देत नाहीत. बाप्तिस्म्याने तारण विकत मिळत नाही, यावर मात्र दोघांचे एकमत आहे. येशूने वधस्तंभावर असताना ज्याला स्वर्गाचे वचन दिले, त्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता. म्हणून आईवडिलांशी भांडून, घाईने घेऊ नका. आधी दोन्ही बाजूंच्या पाळकांशी बोला आणि रोम ६:३-४ नीट समजून घ्या.

बुडून घ्यायचे ठरले तर पाणी कमरेच्या थोडे वर असावे, त्याहून खोल नको. गडद रंगाचे सुती कपडे घाला. हात छातीवर घ्या आणि एका हाताने नाक धरा. पाळकाचा एक हात तुमच्या पाठीला असतो, दुसरा तुमच्या हातांवर. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मागे झुकवून क्षणभर बुडवतात. गुडघे ताठ धरले की पाय घसरतो. ते किंचित वाकवा. फेफरे किंवा हृदयविकार असेल तर आधीच सांगा. पावसाळ्यात नदी टाळा.

प्रश्न : त्रैक्य म्हणजे तीन देव का? मुलांना ते सोप्या भाषेत कसे सांगावे?

देव एकच (अनुवाद ६:४). तो एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा तीन व्यक्तींत अनादिकालापासून आहे. शब्बाथ शाळेत सर्रास दिला जाणारा पाणी, बर्फ, वाफ हा दाखला कृपया बंद करा. तेच पाणी एका वेळी एकच रूप घेते. त्यावरून मूल शिकते की पिताच पुढे पुत्र झाला आणि मग आत्मा झाला, आणि हे मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारले होते. त्यापेक्षा मार्क १:९-११ वाचून दाखवा : पुत्र यार्देनेत उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतो, पिता आकाशातून बोलतो. तिघेही एकाच वेळी. दहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते.

प्रश्न : माझ्या बहिणीला क्षयरोग आहे. एका सभेत तिला सांगितले की गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास, आणि ‘बीज’ म्हणून पैसे पेरले तर बरी होशील. ती गोळ्या बंद करायला निघाली आहे.

तिला आज थांबवा. क्षयाचे साधे उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला कमी होतो आणि रोगी बरा झाल्यासारखा वाटतो, पण जंतू उरलेले असतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर ते औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अवघड होतात आणि घरातल्यांनाही तोच चिवट क्षय होण्याचा धोका असतो.

आता शास्त्र. देव बरे करतो यावर इव्हँजेलिकल लोकांचा विश्वास आहे आणि याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलावून प्रार्थना करून घ्यावी. पण पौलाच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही (२ करिंथ १२:७-९). आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारी असतानाच मागे सोडले (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि पौलाचा जिवलग सोबती लूक वैद्य होता. पौलाचा विश्वास कमी होता, असे तो वक्ता म्हणेल का?

‘पेरा म्हणजे मिळेल’ यासाठी मलाखी ३:१० आणि यिर्मया २९:११ वापरतात. यिर्मयाचे ते वचन (देवाच्या मनात तुमच्या हिताचे विचार आहेत) बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे. लगेच आधीच्या, दहाव्या वचनात ७० वर्षे थांबावे लागेल असे म्हटले आहे. ते पत्र ऐकणारे बहुतेक लोक परदेशातच मरणार होते. त्या वचनातून पुढच्या महिन्याच्या पगारवाढीचे आश्वासन काढणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. २०१० च्या ‘केप टाऊन बांधिलकी’ या जाहीरनाम्यात जगभरच्या इव्हँजेलिकल लोकांनी ही समृद्धीची शिकवण उघडपणे नाकारली. ज्याने बहिणीला गोळ्या सोडायला सांगितल्या त्याला पैसे देऊ नका, आणि तुमच्या पाळकांना त्याच्याशी बोलायला लावा.

प्रश्न : आमचे आजोबा वारकरी होते, निर्मळ माणूस. येशूविषयी त्यांना कोणी सांगितलेच नाही. त्यांचे काय? आणि नातेवाइकांच्या तेराव्याला जावे का?

येशूशिवाय पित्याकडे जाण्याचा दुसरा मार्ग नाही (योहान १४:६), हे आम्ही सौम्य करून सांगणार नाही. लोझान करारातही आहे की निसर्गातून प्रत्येकाला देवाचे थोडे ज्ञान होते, पण त्या ज्ञानाने तारण होत नाही. कानावर सुवार्ता न आलेल्यांबद्दल मात्र इव्हँजेलिकल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते जिवंतपणी ख्रिस्तावर जाणीवपूर्वक विश्वास ठेवणे अटळ आहे. काही जण अब्राहामाकडे बोट दाखवतात : त्याला येशूचे नाव ठाऊक नव्हते, तरी ख्रिस्ताच्या मरणाचा लाभ त्याला मिळाला. जॉन स्टॉट यांनी या बाबतीत ठाम निकाल द्यायचे नाकारले. आमचेही मत तेच आहे. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील (उत्पत्ति १८:२५), एवढे आपल्याला सांगितलेले आहे. आजोबांचा निकाल वाचून दाखवण्याचे काम आपल्याला दिलेले नाही. अंत्यविधीच्या घरी जाऊन तो सांगणारे विश्वासी जखमेवर मीठ चोळतात.

तेराव्याला जरूर जा. सकाळी लवकर जा, भाज्या चिरा, पंगतीत वाढा, मावशीजवळ बसा. पिंडदान किंवा मृताच्या आत्म्यासाठी होणारा विधी तुम्ही करू नका, कारण मेलेल्याची स्थिती आपल्या कर्माने बदलते असे आपण मानत नाही. हे आदल्या दिवशी, एकट्या थोरल्या काकांना भेटून सांगा. ऐन वेळी भटजींसमोर नकार दिलात तर सगळ्या घराचा अपमान होतो.